कासवासाठी पाया

कासवाच्या भिंतीला पाया लागतो, हे मिस्त्रीला पटवायला मला दोन दिवस लागले. नानाखेड्याच्या अर्ध्या कॉलन्यांमधली घरं बांधलेला माणूस तो. गुडघाभर उंचीच्या भिंतीसाठी साडेतीन फूट खणायचं म्हटल्यावर त्याने डोक्यावरचा गमछा सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला. त्याचं म्हणणं असं की जमिनीवरच विटांचे चार थर लावू, वरून प्लास्टर मारू, संध्याकाळपर्यंत काम खलास. कासव काय भिंत पाडणार आहे? मी म्हटलं, कासव नाही पाडणार, माती पाडेल.

माळव्याची काळी माती मला पुरती ठाऊक आहे. मे महिन्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती कणकेसारखी फुगते. तिच्यावर वरवर ठेवलेली भिंत दोन पावसाळेही धड काढत नाही. खाली पिवळा मुरूम लागेपर्यंत जावंच लागतं. हे मला कुणी सांगायला नको, कारण एका सरकारी कचेरीच्या नकशा शाखेत मी तेहतीस वर्षं ट्रेसर होते. बंधारे, गोदामं, शाळांच्या खोल्या, कर्मचाऱ्यांची घरं, सगळ्यांचे पाये मी शाईने काढले. त्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असायच्या: रेखाटन, तपासणी, मंजुरी. पहिल्या चौकटीत माझी बारीक सही, बाकी दोन्हींत साहेबांच्या. निवृत्त झाले त्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि एका साहेबांनी भाषणात माझं अक्षर फार सुरेख असल्याचं सांगितलं. पाया कुठवर न्यायचा हे मला कळतं, असं काही कुणी म्हणालं नाही.

ते कासव माझं नव्हतं. माझ्या मुलाचं. तो पुण्यात नोकरीला असताना त्याने ते कुणाकडून तरी घेतलं होतं. आपल्याकडचं, पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. हे तसं नव्हे. हे आफ्रिकेतलं, वाळवंटाच्या कडेच्या गवतावर जगणारं. वनखात्याकडे त्याची रीतसर नोंद केलेली होती आणि तो कागद मुलाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. परदेशात सहा महिन्यांचं काम आहे, तेवढे दिवस सांभाळ, म्हणाला. सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. आता तो फोनवर कासवाची चौकशी माझ्या आधी करतो, आणि परत येण्याचं नाव काढत नाही.

आलं तेव्हा ते पोळपाटाएवढं होतं. मी ते मागच्या खोलीत ठेवलं. कोथिंबिरीच्या काड्या, दुधी, हरळी, जास्वंदीची पानं आणि फुलं, जे मिळेल ते त्याला घालायची. सकाळी पिशवी घेऊन लोकांच्या कुंपणांवरची देवाची फुलं तोडत फिरणारे जे सज्जन असतात, त्यांना मी स्पष्ट सांगून टाकलं की या घरातली जास्वंद कासवाची आहे. दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सोडू देत.

वर्षभराने ते परातीएवढं झालं आणि त्याचे मागचे पाय फाकायला लागले. माझ्याकडे सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. ते चालायला जाई आणि पाय बाजूला घसरत. देवास गेटच्या बाजूला एक जनावरांचे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे टोपलीतून घेऊन गेले. ते गाई-म्हशींचे डॉक्टर. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कासवावर त्यांनी आयुष्यात उपचार केलेले नाहीत. मग त्यांनी ते जमिनीवर सोडलं, दोन मिनिटं त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, फरशीवर बांधलेल्या वासराचं जे होतं, तेच याचं झालंय. याला माती पाहिजे आणि ऊन पाहिजे. वर्षभरात दिलं नाही तर हे पाय सरळ होणार नाहीत. उठताना त्यांनी विचारलं, "ये तो अस्सी साल जीता है, माताजी. आपके बाद क्या?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. नवरा गेल्यापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला लोक तो लावतात. कूलर नवीन घेतला तरी कुणीतरी विचारतंच, आता एकटीला कशाला. जणू मी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले आहे आणि उगाच बाकावर चादर अंथरते आहे.

माती होती. आमचं घर आणि धाकट्या दिरांचं घर शेजारी-शेजारी आहे, आणि मधे मोकळ्या जागेची एक लांबट पट्टी. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना बरोबर अर्धी-अर्धी लिहून दिलेली, पण भाऊ-भाऊ म्हणून मधे कधी भिंत घातली नाही. माझ्या अर्ध्या भागात एक लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायची तार आणि उरलेलं गवत. मी ठरवलं की कासव इथे राहील.

आणि तिथेच मी चूक केली. तेहतीस वर्षं नकशे काढलेल्या बाईने जी करायला नको, ती. मी फ्रीगंजच्या दुकानातून लोखंडी जाळी आणली, लोखंडी खुंट ठोकले आणि चौकोनी कुंपण केलं. जाळी मुद्दाम घेतली. मला वाटलं, बिचाऱ्याला बाहेरचं दिसेल, करमेल. माझ्या मनात स्वतःचाच हिशेब होता; मला खिडकीतून रस्ता दिसला नाही तर मी वेडी होईन. पण कासवाला जे दिसतं तिकडे ते जातं. मधे काही आहे हे त्याला मान्यच नसतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते जाळीला नाक लावून ढकलत राहायचं, कोपऱ्यात अडकलं की तिथेच पाय झाडायचं. चौथ्या दिवशी त्याच्या नाकावर रक्त दिसलं. आठव्या दिवशी ते कुंपणात नव्हतंच. जाळीखालून खणून बाहेर पडलं होतं आणि दिरांच्या स्कूटरखाली जाऊन बसलं होतं. मी जाळी काढली आणि ते पुन्हा मागच्या खोलीत गेलं. मला माझीच लाज वाटली.

दिरांनी ती काढलेली जाळी बघितली आणि त्यांना वाटलं की माझं कासवाचं खूळ संपलं. त्यांचा बेत आधीपासून तयार होता. आमच्या गावात आता यात्रेकरू इतके येतात की ज्याच्याकडे म्हणून कोपरा आहे, तो त्यात खोली काढतो. आमच्या गल्लीत सहा घरांवर ‘कमरे उपलब्ध हैं’ची पाटी आहे. दिरांनाही मधल्या पट्टीत दोन खोल्या काढायच्या होत्या. एक त्यांच्या अर्ध्यात, एक माझ्यात. त्यांनी मला विचारलं नाही. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. नवरा आजारी असताना हॉस्पिटलात माझ्याबरोबर बसलेले तेच, अजूनही मंडईतून येताना माझ्यासाठी मेथीची जुडी आणतात. पण ‘वहिनींचं मी बघतो’ हे वाक्य ते इतकी वर्षं म्हणत आलेत की वहिनींना स्वतःला काही बघायचं असेल, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. एका सकाळी मी उठून बाहेर आले तर चुन्याची रेघ त्यांच्या घरापासून निघून माझ्या लिंबाच्या झाडापर्यंत आलेली. परवा भूमिपूजन आहे, दहाला या, असं जाऊ सांगून गेली. मी म्हटलं, भाऊजींशी बोलायचंय मला. बोलू, बोलू, पूजा तर होऊ दे, म्हणाली.

तो नोव्हेंबर होता. पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचं बँकेत जाऊन सिद्ध करायचा महिना. पूजेच्या दिवशीच मी मुद्दाम फ्रीगंजच्या बँकेत गेले, म्हणजे पूजेला बसावं लागू नये. यंत्रावर माझा अंगठा काही उमटेना. शाईत आयुष्य गेलेल्या बोटांच्या रेघा झिजतात म्हणे. तासभर मी माझा जिवंतपणा सिद्ध करत उभी होते. घरी आले तेव्हा साडेअकरा झाले होते.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. माझ्या घराची किल्ली जावेकडे असते, तशी तिची माझ्याकडे.

पट्टीत सतरंजी घातलेली, पंडितजी बसलेले, दहा-बारा शेजारी, आणि खड्ड्याच्या कडेला सासूबाईंचं मोठं पितळी घंगाळ. घर बांधताना पायाच्या खड्ड्यात चांदीचं कासव ठेवायची आमच्याकडे रीत आहे, नाग-नागिणीबरोबर. चांदीचं आणलेलंच होतं. पण जावेच्या मनात आलं की घरात साक्षात जिवंत कासव असताना आधी त्याची पूजा का नको. आणि कासवाची पूजा कशी मांडायची, तर तिच्या शोकेसमध्ये पितळेचं कासव जसं असतं तशी: पाण्यात, उत्तरेकडे तोंड करून. गल्लीत ज्यांच्याकडे ते पितळी कासव आहे त्या सगळ्यांनी ते तसंच ठेवलंय. घंगाळ काठोकाठ भरलेलं होतं. पाण्यात फुलं होती, हळद होती, आणि फुलांखाली ते होतं. जमिनीवरचं जनावर. त्याला पोहता येत नाही. दगड जसा तळाला बसतो तसं बसलं होतं.

मी चपलेसकट सतरंजीवरून गेले. कुणीतरी ‘अहो, चप्पल’ म्हणालं तेवढं ऐकू आलं. हात घालून ते काढलं. मान लोंबत होती. मी त्याचं डोकं खाली धरलं, पुढचे पाय बाहेर ओढले, आत दाबले, पुन्हा ओढले. डोकं खाली करून पाणी काढायचं हे मुलाने कधीतरी सांगितलं होतं, ते ऐनवेळी आठवलं. त्याच्या तोंडातून पाणी आलं, नाकातून फेस आला. माझ्या साडीवर हळदीचं पाणी गळत होतं आणि पंडितजींनी मंत्र थांबवला होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्याने मान एक बोटभर आत घेतली.

त्या क्षणी मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

जाऊ पूजेवरून उठून जवळ आली. "ताई, मी तर चांगल्यासाठीच केलं हो. शांत बसलं होतं ते. मला वाटलं, त्याला पाणी आवडलं."

दिरांना पाहुण्यांसमोर ओशाळल्यासारखं झालं असावं. ते मला समजावण्याच्या सुरात बोलले. "वहिनी, फालतूत किती तकलीफ करून घेता तुम्ही त्या जनावरापायी. तुमच्याने नाही होत तर शिप्रेत सोडून देऊ. मी स्वतः नेतो. मतलब, पुण्यच लागेल."

शिप्रेत. घंगाळात जे पाऊण झालं होतं ते नदीत पुरं करायचं, आणि वर पुण्य. कासव पदरात गुंडाळलं आणि डॉक्टरांकडे गेले. पुढचे बारा दिवस त्याला इंजेक्शनं, खोक्यात पिवळा बल्ब, खाली गोणपाट. तेराव्या दिवशी त्याने जास्वंदीचं एक पान खाल्लं. सगळं नाही, कडेने अर्धं.

त्याच दिवशी दुपारी मी खराटा घेतला आणि माझ्या अर्ध्या भागातली चुन्याची रेघ झाडून टाकली. दहा मिनिटं लागली. मग लिंबाच्या झाडाला सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला चुन्याची पुरचुंडी, आणि झाडाभोवती माझं वर्तुळ काढलं. जाऊ गच्चीवरून बघत होती. मी तिला दिसेल अशीच काढत होते.

वर्तुळ, कारण कोपरा नाही तर अडकायला जागा नाही. भिंत विटांची, सलग, म्हणजे पलीकडचं दिसणार नाही आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी ते नाक फोडणार नाही. वर आतल्या अंगाला चार बोटं पुढे आलेला फरशीचा काठ, चढायचं म्हटलं तरी पलटून आत पडू नये आणि बाहेर जाता येऊ नये इतपत. भिंतीच्या आतून दोन फूट रुंदीचा फरशीचा पट्टा जमिनीत पुरलेला, म्हणजे ते भिंतीच्या कडेला खणू शकणार नाही. मधे हवं तेवढं खणू दे. बुंध्याजवळची सोडून मधली काळी माती काढून तिथे मुरूम आणि वाळू, कारण काळ्या मातीतलं बीळ पावसात बसतं आणि आतल्याला घेऊन बसतं. एका बाजूला थंडीसाठी पत्र्याचं छप्पर असलेली विटांची खोली, आत बल्बची सोय. पाणी पिण्यासाठी मातीची उथळ थाळी, त्याच्या हनुवटीच्या वर पाणी येणार नाही एवढीच. कुत्र्यांसाठी आणि माणसांसाठी वरून घालायची जाळीची दोन झाकणं, कुलूप लावायच्या कड्यांसकट. माणसांसाठी हे मी नंतर घातलं. आधीच्या कुंपणात मी फक्त ते बाहेर कसं जाणार नाही एवढंच बघितलं होतं. आत कोण येईल हे बघितलंच नव्हतं.

हे सगळं मी जुना ट्रेसिंग कागद काढून, जुन्या पेनांच्या निब गरम पाण्यात धुऊन, शाईने काढलं. वरून दिसणारा नकशा, भिंतीचा उभा काप, पायाचा तपशील. तीन दिवस लागले. हात पूर्वीसारखा स्थिर नाही, पण रेघ सरळ आली.

मग तो मिस्त्री आला आणि पायावरून दोन दिवस गेले, ते मी सांगितलंच. शेवटी मी त्याला लिंबाखालच्या मातीची भेग दाखवली आणि विचारलं, स्वतःच्या घराला काय केलंस? तो म्हणाला, मुरमापर्यंत गेलो. मी म्हटलं, मग. तो खणायला लागला. तीन फुटांवर मुरूम लागला, मी आणखी अर्धा फूट सांगितला. आणि भरायची वेळ आली तेव्हा तो घमेलं खाली ठेवून उभा राहिला.

"मैडमजी, नींव में कछुआ रखना पड़ता है. चाँदी का. खाली नींव हम नहीं भरते."

आधी मला हसू फुटलं. मग पाहिलं तर तो गंभीर होता, आणि मीही झाले. मी म्हटलं, "कछुआ ऊपर रहेगा, भैया. नीचे मुरम रहेगी."

तो ऐकेना. त्याच्या वडिलांनी, आजोबांनी रिकामा पाया कधी भरला नव्हता. मी नास्तिक नाही. सोमवारी देवळात जाते, गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून कपाळाला लावते. पण देवळातलं कासव दगडाचं आहे. त्याच्यावर कितीही पाणी घाला, ते बुडत नाही. एक कासव वर जगावं म्हणून दुसरं खाली पुरायचं, हे मात्र माझ्याने होणार नव्हतं, मग ते चांदीचं का असेना. शेवटी तडजोड अशी झाली की त्याने स्वतःच्या खिशातली एक सुपारी टाकली, पहिल्या विटेला कुंकू लावलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

जाऊ त्याच संध्याकाळी आली. भूमिपूजनानंतर पहिल्यांदाच. ओट्यावर बसली आणि हळूच म्हणाली की एक उपाय आहे. भिंतीच्या बाजूला एक छोटी पिंडी बसवा. कासवाचं तोंड तिकडे. एकदा देवाचं ठिकाण झालं की हे सुद्धा हात लावणार नाहीत, कुणीच लावणार नाही. "मी तुमच्या बाजूने सांगते आहे, ताई," ती म्हणाली. "यांना मी ओळखते."

ती खरं बोलत होती. या गावात चार विटांवर पिंडी ठेवली की ती जागा कुणाच्या बापाची राहत नाही. भांडण नाही, कागद नाही, कुणाला तोंड द्यायला नको. दोन दिवस मी तो विचार मनात घोळवला, खोटं कशाला सांगू. मग डोळ्यांसमोर आलं ते श्रावणातल्या सोमवारचं चित्र: हातात दुधाची लोटी घेतलेली रांग, प्रत्येकाच्या मनात चांगलंच, आणि मधे ते. ज्या हातांपासून त्याला वाचवायचं त्यांनाच मी दार उघडून देणार होते. शिवाय मला हेही नको होतं की ती जागा देवाच्या भीतीने माझी राहावी. ती माझीच आहे म्हणून माझी राहायला हवी. जावेला मी नाही म्हटलं. तिला राग आला नाही, आश्चर्य वाटलं.

तिसऱ्या दिवशी भिंत दोन थर वर आली आणि दीर त्यांच्या ठेकेदाराला घेऊन आले. ठेकेदार माझ्या भिंतीकडे बघत होता आणि दीर माझ्याकडे. त्यांच्या आवाजात नेहमीचं ‘मी बघतो’ नव्हतं.

"वहिनी, हे काय आहे? कुणाच्या मंजुरीने काढलंत तुम्ही?"

दुसरं काही विचारलं असतं तर मी कदाचित वाद घातला असता. हॉस्पिटलातले दिवस आठवून नरमलेही असते. पण त्यांनी नेमका तो शब्द वापरला. मी आत गेले आणि नकशाची गुंडाळी घेऊन आले. ओट्यावर उलगडली, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. त्यांना उजवा कोपरा दाखवला. रेखाटन, तपासणी, मंजुरी. तीन चौकटी. तिन्हींत माझी सही होती, आणि या वेळी बारीक नव्हती.

"माझ्या," मी म्हटलं.

कागदाकडे ठेकेदार वाकून बघायला लागला. पायाच्या तपशिलावर त्याचं बोट थांबलं आणि त्याने दिरांना न विचारताच मला विचारलं, मुरूम किती फुटांवर लागला? मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. दिरांच्या अर्ध्यात मग एकच खोली झाली, आणि तिचा पाया, मी ओट्यावर बसून बघितलंय, चांगला खोल गेला.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वर आलं तेव्हा मी कासव नव्या आवारात सोडलं. पाय अजून थोडे फाकलेलेच होते. पण खाली माती होती. त्याने एक पाय टेकला, तो घसरला नाही. दुसरा टेकला. मग ते भिंतीच्या कडेने निघालं आणि कोपरा न लागल्यामुळे थांबलंच नाही. चालतच राहिलं, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. शेवटी मधे जाऊन त्याने पुढच्या पायांनी मुरूम उकरायला सुरुवात केली. जाऊ जास्वंदीची पानं घेऊन आली होती. तिने ती माझ्या हातात दिली, आत टाकली नाहीत.

दीरही आले. भिंतीपाशी उकिडवे बसून आत बघायला लागले. त्यांचा राग गेला होता की नाही मला माहीत नाही, आणि तेव्हा त्याची मला फिकीर नव्हती. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, पण मऊपणे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा.

"वहिनी, हे ऐंशी वर्षं जगतं म्हणतात. तुमच्या मागे काय?"

"भाऊजी," मी म्हटलं, "भिंत मी त्याच्या वयाच्या मानाने घातली आहे, माझ्या नाही. माझ्या मागे ज्याला ती पाडायची असेल, त्याने साडेतीन फूट खणायची तयारी ठेवून यावं."